दप्तर आपले, किल्ली परक्याची

गुजरातमधील वाडीनार येथे नायरा एनर्जी या कंपनीचा तेलशुद्धीकरण प्रकल्प आहे. वर्षाला दोन कोटी टन खनिज तेल शुद्ध करण्याची क्षमता असलेला हा प्रकल्प भारताच्या भूमीवर उभा आहे आणि भारताच्या कायद्यानुसार चालतो. २०२५ च्या जुलै महिन्यात युरोपीय संघाने रशियाविरुद्धच्या निर्बंधांचा अठरावा संच जाहीर केला. रोझनेफ्ट या रशियन कंपनीचा ४९.१३ टक्के वाटा असल्याने नायराचाही त्यात समावेश करण्यात आला. त्यानंतर काही दिवसांतच मायक्रोसॉफ्टने नायराची सेवा थांबवली आणि कर्मचाऱ्यांचा ई-मेल व परस्परसंपर्काची व्यवस्था बंद पडली. भारत सरकारने असा आदेश दिलेला नव्हता. कोणत्याही भारतीय न्यायालयाने दिलेला नव्हता. संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेचाही तसा ठराव नव्हता. युरोपात झालेल्या निर्णयाची अंमलबजावणी एका अमेरिकन कंपनीने भारतात केली. नायराने दिल्ली उच्च न्यायालयात धाव घेतली, तेव्हा कुठे जुलैअखेरीस सेवा पूर्ववत झाली.

या घटनेची चर्चा चार दिवस झाली आणि विरली. परंतु तिने उपस्थित केलेला प्रश्न विरणारा नाही. आज वेळ एका खाजगी कंपनीवर आली. उद्या ती एखाद्या मंत्रालयावर, बँकेवर किंवा रुग्णालयावर येणार नाही, याची हमी कोण देणार? पूर्वी परक्या सत्तेला दुसऱ्याचा कारभार ठप्प करण्यासाठी आरमार पाठवावे लागे, वखारी घालाव्या लागत. आता सागरापार बसून एक कळ दाबली की पुरे. ज्या राष्ट्राची पत्रे, हिशेब आणि अभिलेख दुसऱ्याच्या मर्जीने उघडतात, त्या राष्ट्राच्या सार्वभौमत्वाला तेवढे छिद्र पडलेले असते, मग त्याच्या सीमा कितीही सुरक्षित असोत.

सेवा बंद पडणे हे या परावलंबनाचे दृश्य रूप आहे. त्याचे मूळ मात्र अधिक खोल आहे. एखादी सेवा नको झाली तर ती सोडता आली पाहिजे. आणि सोडताना आपला सारा दस्तऐवज जसाच्या तसा बरोबर नेता आला पाहिजे. येथेच फॉरमॅटचा, म्हणजे दस्तऐवज ज्या साच्यात साठवला जातो त्या साच्याचा प्रश्न येतो. कागदावर लिहिलेले पत्र वाचण्यासाठी डोळे आणि अक्षरओळख पुरते. संगणकावर साठवलेले पत्र वाचण्यासाठी मात्र त्याच्या साच्याचे नियम ठाऊक असलेली प्रणाली लागते. ठळक अक्षर कसे नोंदवायचे, तक्त्याचे रकाने कसे आखायचे, तळटीप कोठे ठेवायची, याचे हे नियम. ते सर्वांसाठी खुले असतील तर कोणीही वाचनाची प्रणाली तयार करू शकतो. ते एकाच कंपनीच्या तिजोरीत असतील तर पत्र आपले असूनही त्याची किल्ली परक्याच्या खिशात राहते. मायक्रोसॉफ्ट वर्डच्या जुन्या ‘डॉक’ साच्याचे नियम कंपनीने २००८ साली सर्वांसाठी खुले केले. तोपर्यंत जगभरातील सरकारांनी आपला कित्येक वर्षांचा कारभार त्याच साच्यात लिहून ठेवला होता.

मराठी माणसाला ही अडचण नवी नाही. नव्वदच्या दशकात संगणकावर मराठी आली ती निरनिराळ्या कंपन्यांच्या फाँटांच्या रूपाने. पडद्यावर अक्षर देवनागरी दिसे, परंतु संगणकाच्या लेखी ते रोमन अक्षरांच्या जागी बसवलेले तुकडे असत आणि प्रत्येक कंपनीची मांडणी वेगळी असे. एका संगणकावर शुद्ध दिसणारा संस्थेचा वार्षिक अहवाल दुसऱ्या संगणकावर अगम्य खुणांची रांगोळी होऊन बसे. त्या काळात टंकलिखित केलेले कित्येक ग्रंथ आणि स्मरणिका आज शोधता येत नाहीत, दुरुस्त करता येत नाहीत. अनेकदा पुन्हा टंकन करावे लागते. विशेष म्हणजे भारतीय लिप्यांसाठी ‘इस्की’ हे राष्ट्रीय मानक १९९१ मध्येच सिद्ध झाले होते. युनिकोडमधील देवनागरीची मांडणीही ‘इस्की’च्या १९८८ च्या आवृत्तीवरच बेतलेली आहे. म्हणजे मानक आपण घडवले. आपल्या बाजारपेठेने आणि कार्यालयांनी ते बाजूला ठेवले. आणि तीच व्यवस्था आंतरराष्ट्रीय शिक्क्यानिशी परत आली तेव्हा आपण ती स्वीकारली. केंद्र सरकारने ई-प्रशासनासाठी युनिकोड मानक अधिसूचित केले ते २००९ साली. मधल्या अठरा वर्षांत जे हरवले त्याचा हिशेब कोणी मांडलेला नाही.

फॉरमॅटच्या प्रश्नाला सरकारी पातळीवर पहिले मोठे तोंड फुटले ते अमेरिकेतच. मॅसॅच्युसेट्स राज्याने २००५ मध्ये ठरवले की, १ जानेवारी २००७ पासून राज्य कार्यालयांचे दस्तऐवज ‘ओपन डॉक्युमेंट फॉरमॅट’ अर्थात ओडीएफ या मुक्त साच्यात ठेवले जातील. त्याच वर्षीच्या मे महिन्यात ‘ओएसिस’ या मानकसंस्थेने हा साचा मंजूर केला होता. एरिक क्रिस हे तेथील वित्त व प्रशासन सचिव आणि पीटर क्विन हे माहिती-तंत्रज्ञान विभागप्रमुख. राज्याचा अभिलेख कोणत्याही एका कंपनीच्या अधीन असू नये, या साध्या तत्त्वावर त्यांनी हा निर्णय घेतला. मग चक्रे फिरू लागली. क्विन यांच्या प्रवासांबद्दल वृत्तपत्रात शंका उठवल्या गेल्या. चौकशीत काहीही गैर आढळले नाही. तरीही अखेर त्यांनी पद सोडले. २००७ च्या ऑगस्टमध्ये राज्याने मायक्रोसॉफ्टच्या नव्या साच्यालाही मान्य यादीत स्थान दिले आणि मूळ निर्णयाची धार बोथट झाली. कंपनीच्या मायदेशी, निर्वाचित शासनाच्या अधिकाऱ्याची ही गत, तर इतरत्र काय व्हावे?

ओडीएफला २००६ साली आंतरराष्ट्रीय मानक संघटनेची मान्यता मिळाली होती. तिला उत्तर म्हणून मायक्रोसॉफ्टने ‘ओओएक्सएमएल’ हा आपला साचा पुढे केला. सहा हजारांहून अधिक पृष्ठांचा हा मसुदा जलदगती मार्गाने मंजूर करून घेण्याचा प्रयत्न झाला. त्यात जुन्या वर्ड आवृत्त्यांप्रमाणे वागावे, अशा सूचना होत्या. परंतु त्या आवृत्त्या नेमक्या कशा वागत, हे लिहिलेले नव्हते. इ.स. १९०० हे लीप वर्ष नसताना ते तसे मानण्याची जुनी चूकही मानकात शिरली होती. स्वीडनमध्ये तर मायक्रोसॉफ्टच्या एका कर्मचाऱ्याने सहयोगी कंपन्यांना राष्ट्रीय समितीत सामील होण्याच्या मोबदल्यात व्यावसायिक लाभ देऊ केल्याचे उघड झाले आणि नियमबाह्य मतदानामुळे तेथील मानकसंस्थेला स्वतःचे मत रद्द करावे लागले. सप्टेंबर २००७ च्या मतदानात हा मसुदा आवश्यक बहुमत मिळवू शकला नाही. फेब्रुवारी २००८ मध्ये जिनिव्हात साडेतीन हजारांच्या घरातील हरकतींचा निपटारा पाच दिवसांच्या बैठकीत उरकण्यात आला आणि एप्रिलमध्ये त्याला मान्यता मिळाली.

या प्रकरणात भारताने काय केले, हे नव्या पिढीला ठाऊक असले पाहिजे. भारतीय मानक ब्यूरोने २००७ मध्ये नकार दिला. मार्च २००८ मध्ये मत बदलण्याची संधी असतानाही तो नकार कायम ठेवला. एवढ्यावर न थांबता दक्षिण आफ्रिका, ब्राझील आणि व्हेनेझुएला यांच्यासमवेत भारताने या मान्यतेविरुद्ध रीतसर अपील केले. ते फेटाळले गेले. परंतु प्रश्न पराभवाचा नव्हता. जगातील सर्वांत बलाढ्य सॉफ्टवेअर कंपनीचे दडपण असताना भारतातील तज्ज्ञांनी तांत्रिक गुणवत्तेच्या आधारे स्वतंत्र निर्णय घेतला आणि तो निभावला. सत्ता कोणाची होती हा येथे गौण मुद्दा आहे. राष्ट्रहिताचा निर्णय कोणाच्याही काळात झाला तरी तो राष्ट्राचाच असतो.

त्याच विचाराचा पुढचा टप्पा म्हणजे नोव्हेंबर २०१० मध्ये अधिसूचित झालेले ई-प्रशासनासाठीचे मुक्त मानक धोरण. एका क्षेत्रासाठी शक्यतो एकच मानक असावे, ते स्वामित्वशुल्कापासून मुक्त असावे आणि त्यावर एकाच कंपनीचे नियंत्रण नसावे, ही त्या धोरणाची सूत्रे आजही आदर्श म्हणता येतील. मार्च २०१५ मध्ये केंद्र सरकारने मुक्तस्रोत सॉफ्टवेअरचे धोरणही जाहीर केले. धोरणे उत्तम आहेत. परंतु कोणत्याही तहसील कार्यालयात, जिल्हा परिषदेत किंवा विद्यापीठात जाऊन पाहावे. परिपत्रकाची फाईल येते ती ‘डॉक्स’मध्ये आणि निविदेचा तक्ता भरून मागितला जातो तो ‘एक्सेल’मध्येच. नागरिकाला आपल्याच शासनाशी व्यवहार करण्यासाठी विशिष्ट कंपनीचे सॉफ्टवेअर विकत घ्यावे लागते, नाहीतर चोरून वापरावे लागते. शासनाने नागरिकाला असा पेच घालणे हे कोणत्या सुराज्याचे लक्षण आहे?

‘डॉक्स’लाही आता आंतरराष्ट्रीय मानकाचा दर्जा आहे, मग तक्रार कसली, असे विचारले जाईल. त्या मानकाचे दोन प्रकार आहेत: एक काटेकोर आणि दुसरा जुन्या सवयी सांभाळणारा संक्रमणकालीन. मायक्रोसॉफ्टची प्रणाली आपणहून फाईल साठवते ती दुसऱ्या प्रकारात. संक्रमणासाठी ठेवलेली ही सवलत वर्षानुवर्षे कायमची वहिवाट बनून राहिली आहे. इतरांची प्रणाली कितीही चांगली असली तरी तिच्यात फाईल उघडली की समास सरकतात, तक्ते विस्कटतात आणि दोष मात्र त्या इतरांच्या माथी येतो.

युरोपला या पेचाची जाणीव उशिरा झाली, पण झाली. ब्रिटनने जुलै २०१४ मध्ये शासकीय दस्तऐवजांच्या देवाणघेवाणीसाठी ओडीएफ निश्चित केले. उत्तर जर्मनीतील श्लेसविग-होल्स्टाइन राज्याने २०२४ च्या एप्रिलमध्ये सुमारे तीस हजार शासकीय संगणकांवर लिबरऑफिस ही मुक्तस्रोत प्रणाली आणण्याचे ठरवले. ऑक्टोबर २०२५ पर्यंत तेथील चाळीस हजारांहून अधिक ई-मेल खाती मुक्तस्रोत व्यवस्थेवर हलवली गेली. डिजिटल सार्वभौमत्व हाच शब्द त्या राज्याने आपल्या निर्णयासाठी वापरला. अमेरिकेने हेगच्या आंतरराष्ट्रीय गुन्हेगारी न्यायालयाच्या अभियोक्त्यावर २०२५ मध्ये निर्बंध लादल्यानंतर त्याचा ई-मेल बंद पडल्याचे वृत्त आले. न्यायालयाची सेवा आपण थांबवली नाही, असा खुलासा मायक्रोसॉफ्टने केला. तरीही त्याच वर्षी न्यायालयाने ‘ओपनडेस्क’ या जर्मन मुक्तस्रोत व्यवस्थेकडे वळण्याचा निर्णय घेतला. मित्रराष्ट्रे म्हणवणाऱ्यांनाही एकमेकांचा भरवसा उरलेला नाही, असा याचा अर्थ.

याच जर्मनीतील म्युनिच शहराची कहाणीही विसरता कामा नये. २००३ मध्ये या नगराने मुक्तस्रोत प्रणालीचा मार्ग धरला, तेव्हा मायक्रोसॉफ्टचे प्रमुख स्टीव्ह बामर स्वतः महापौरांच्या भेटीला धावले. महापौर ढळले नाहीत. दहा वर्षांच्या परिश्रमाने सुमारे पंधरा हजार संगणक नव्या व्यवस्थेवर आले. पुढे नेतृत्व बदलले आणि २०१७ मध्ये नगरपरिषदेने विंडोजकडे परतण्याचा ठराव केला. भोवतालची सारी कार्यालये जुन्याच साच्यात व्यवहार करत असताना एकटे नगर किती काळ तग धरणार? सार्वभौमत्व तुकड्यातुकड्यांनी मिळत नाही. त्याला व्यापक संकल्प लागतो आणि तो संकल्प व्यक्तीवर नव्हे, तर व्यवस्थेवर उभा असावा लागतो.

आता आपल्या घराकडे वळू. सप्टेंबर २०२५ मध्ये केंद्रीय मंत्री अश्विनी वैष्णव यांनी दस्तऐवज, तक्ते आणि सादरीकरणासाठी झोहो या स्वदेशी प्रणालीचा स्वीकार केल्याचे जाहीर केले. केंद्र सरकारच्या सुमारे बारा लाख कर्मचाऱ्यांची ई-मेल खाती झोहोच्या व्यवस्थेवर आली आहेत. तामिळनाडूतील तेनकाशीसारख्या ग्रामीण भागात कार्यालये थाटून जागतिक दर्जाचे सॉफ्टवेअर घडवणाऱ्या श्रीधर वेंबू यांच्या उद्यमशीलतेचा प्रत्येक राष्ट्रप्रेमी नागरिकाला अभिमान वाटावा, अशीच ही वाटचाल आहे. ऐंशीच्या दशकात अमेरिकेने भारताला हवा तो महासंगणक नाकारला. त्यातून पुण्यात १९८८ साली सी-डॅकची स्थापना झाली आणि १९९१ मध्ये ‘परम ८०००’ उभा राहिला. नकारातून निर्मिती ही भारतीय प्रतिभेची परंपराच आहे.

तरीही येथे एक सावधगिरी आवश्यक आहे आणि ती स्वदेशीच्या पुरस्कर्त्यांनीच प्रथम बाळगली पाहिजे. परकीय कंपनीच्या जागी स्वदेशी कंपनी आली म्हणून कुलूप नाहीसे होत नाही. किल्ली केवळ दुसऱ्या हातात जाते. तो हात आज आपल्या माणसाचा आहे. परंतु कंपन्या विकल्या जातात, भागभांडवल बदलते, मालकी सीमा ओलांडते. नायराचा प्रकल्पही एकेकाळी एस्सार या भारतीय समूहाचा होता, हे ध्यानात घेतले म्हणजे या बोलण्यातील मर्म उमगेल. स्व. दत्तोपंत ठेंगडी यांच्या प्रेरणेने १९९१ मध्ये नागपुरात स्वदेशी जागरण मंच स्थापन झाला, तेव्हा स्वदेशी म्हणजे साबण आणि टूथपेस्टची यादी एवढाच आशय त्यामागे नव्हता. समाजाने आपले जीवन आपल्या प्रज्ञेने आणि आपल्या नियंत्रणाखाली चालवावे, हा तिचा गाभा होता. त्या कसोटीवर प्रणाली स्वदेशी हवी आणि साचाही मुक्त हवा. यांपैकी एकच गोष्ट साधली तर काम अर्धे राहील.

दोन्ही साधता येतात, याचा पुरावा प्रत्येक भाजीवाल्याच्या गाडीवर लटकलेला आहे. २०१६ मध्ये राष्ट्रीय भरणा महामंडळाने सुरू केलेल्या यूपीआयमध्ये बँक कोणतीही असो, ॲप कोणाचेही असो, पैसे पोहोचतात. कारण नियम समान आणि सामायिक आहेत. एखादे ॲप आवडले नाही तर ग्राहक दुसरे घेतो. त्याचे खाते कोठे अडकून पडत नाही. वेंबू यांनी स्वतःही आपल्या ‘अरट्टाई’ या संदेशसेवेबाबत यूपीआयप्रमाणेच खुल्या व परस्परपूरक व्यवस्थेचा आग्रह धरला आहे. पैशाच्या बाबतीत देशाने जे करून दाखवले, ते अक्षराच्या बाबतीत का करू नये?

छत्रपती शिवाजी महाराजांनी राज्याभिषेकाच्या सुमारास रघुनाथपंत हणमंते यांच्याकडून राज्यव्यवहारकोश सिद्ध करून घेतला. सुमारे चौदाशे फारसी-दख्खनी शब्दांना त्यात संस्कृत प्रतिशब्द दिले गेले. तलवारीने राज्य मिळवले तरी दप्तर परक्याच्या भाषेत राहिले तर राज्य अपुरेच राहते, ही जाण त्यामागे होती. त्या राज्याचे कागद पुढे मोडीत लिहिले गेले आणि हजारो रुमालांत बांधून ठेवले गेले. इतिहासाचार्य राजवाडे गावोगाव हिंडले, वाड्यांच्या माळ्यांवरून दप्तरे खाली उतरवली आणि ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ बावीस खंडांत प्रसिद्ध केली. हे शक्य झाले, कारण मोडी कोणाच्या मालकीची नव्हती. ती शिकण्यासाठी परवाना लागत नव्हता आणि तीन वर्षांनी ती नव्याने विकत घ्यावी लागत नव्हती. आजचे शासननिर्णय, न्यायालयांचे निकाल, शाळांचे पट आणि संस्थांची इतिवृत्ते आणखी शंभर वर्षांनी कोणी राजवाडे उघडू पाहील, तेव्हा त्याला काय दिसेल? मुक्त साच्यात ठेवलेली फाईल मुळात साध्या मजकुराची गुंडाळी असते आणि तिचे नियम ग्रंथालयात ठेवता येतात. एवढी खबरदारी घेणे हे पुढच्या पिढ्यांचे ऋण आहे.

बदलाला अडचणी आहेत, हे नाकारण्यात अर्थ नाही. कर्मचाऱ्यांना नव्या सवयी लावाव्या लागतात, जुन्या फाईली रूपांतरित कराव्या लागतात, प्रशिक्षणावर खर्च होतो. श्लेसविग-होल्स्टाइनमध्येही कर्मचाऱ्यांच्या तक्रारी झाल्या. परंतु हा खर्च एकदाचा असतो. परावलंबनाचे भाडे मात्र दरवर्षी भरावे लागते. म्हणून अपेक्षा स्पष्ट असाव्यात. केंद्राने २०१० च्या धोरणाला मुदत आणि उत्तरदायित्व जोडावे. जर्मनीतील केंद्र व राज्यांच्या संयुक्त माहिती-तंत्रज्ञान परिषदेने २०२७ पर्यंत ओडीएफ हे प्रशासनाचे प्रमाण करण्याचे ठरवले आहे. भारतानेही असे वर्ष जाहीर करावे. झोहो असो की अन्य कोणी, शासनाला सॉफ्टवेअर पुरवणाऱ्या प्रत्येकाने आपणहून मुक्त साच्यात फाईल साठवावी, अशी अट करारात असावी. महाराष्ट्र शासनाने भरून पाठवण्याचे नमुने युनिकोड मराठीत आणि मुक्त साच्यात उपलब्ध करून द्यावेत. शाळांमधून विशिष्ट कंपनीचे उत्पादन नव्हे, तर संगणकाची विद्या शिकवली जावी.

सारेच शासनावर सोपवून समाजाने स्वस्थ बसावे, अशी आपली रीत नाही. संघटनेच्या शाखोपशाखा, सेवाप्रकल्प, शिक्षणसंस्था, पतपेढ्या आणि वाचनालये यांचा पत्रव्यवहार अफाट आहे. लिबरऑफिस विनामूल्य मिळते, मराठीतही चालते. वृत्तसंकलन, वार्षिक अहवाल आणि सदस्यसूची ओडीएफमध्ये ठेवण्यासाठी कोणाच्याही अध्यादेशाची आवश्यकता नाही. घरातील मुलाच्या प्रकल्पासाठी चोरीची प्रत बसवण्याऐवजी मुक्त प्रणाली बसवली तर प्रामाणिकपणा आणि स्वावलंबन या दोन्ही गोष्टींचा संस्कार एकाच वेळी होतो. जुन्या फाँटांत अडकलेल्या स्मरणिका आणि गीतसंग्रह युनिकोडमध्ये आणण्याचे काम तरुण कार्यकर्त्यांनी सुट्टीत हाती घेतले, तर ती भाषेची सेवाच ठरेल.

स्वराज्य एकदा मिळवून संपत नाही. ते प्रत्येक युगाच्या साधनांत पुन्हा पुन्हा स्थापावे लागते. वाडीनारच्या घटनेने इशारा दिला आहे. १९९१ चे मानक अठरा वर्षे बाजूला पडून राहिले, तसे २०१० च्या धोरणाचे होऊ नये. दप्तर आपले आहे. किल्लीही आपल्या हाती हवी आणि ती घडवण्याची विद्याही आपल्या घरात हवी.